डिस्क राइट करताना नेमके कुठे अडते?

प्रश्न : लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर घेतला आहे. त्यावर जुन्या डिस्क व्यवस्थित वाचल्या जातात. मात्र लग्नाचे फोटो राइट करायला घेतले की काम मध्येच बंद पडते. कोऱ्या डिस्क बनावट असाव्यात का? — छायाचित्रकार, कऱ्हाड

उत्तर : डिस्कवर संशय घेण्याआधी वाया गेलेल्या दोन-तीन डिस्क उजेडात तिरप्या धरून त्यांची खालची बाजू पाहावी. लेखन आतून बाहेरच्या कडेकडे होत जाते आणि लिहिलेल्या भागाची छटा कोऱ्या भागाहून वेगळी दिसते, त्यामुळे काम कुठे थांबले हे डोळ्यांनीच कळते. ही सीमा प्रत्येक डिस्कवर कडेजवळच असेल, तर तुमचा संशय रास्त आहे. हलक्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर कडेला असमान असू शकतो आणि बहुतेक ड्राइव्हमध्ये लेखनाचा वेगही तिथेच सर्वाधिक असतो. सीमा दरवेळी निराळ्या जागी असेल, तर मात्र दोष बहुधा वीजपुरवठ्यात आहे. यूएसबी 2.0 पोर्टमधून नियमाने 500 मिलिअँपिअरच मिळतात आणि लेखनाच्या वेळी लेसरला वाचनाच्या कितीतरी पट शक्ती लागते. ड्राइव्ह हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावावा, लॅपटॉपचा चार्जर चालू ठेवावा आणि ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर तिची दोन्ही तोंडे जोडावीत. वेग 4 एक्स ठेवावा. राइट होत असताना माउसलाही हात लावू नये, हा सल्ला अजून दिला जातो. पण डेटाचा ओघ तुटल्यास लेखन थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची सोय 2000 सालापासून ड्राइव्हमध्ये येऊ लागली, तेव्हा त्या सल्ल्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

प्रश्न : डीव्हीडी घातली की सुरुवातीलाच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. सीडी मात्र त्याच ड्राइव्हवर बर्न होते. — संगणक शिक्षिका, लातूर

उत्तर : लेखनापूर्वी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेजवळच्या राखीव पट्ट्यात चाचणी घेऊन लेसरची योग्य शक्ती ठरवतो, ती ठरली नाही की हा संदेश येतो. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा अवरक्त आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो, त्यामुळे एक थकला तरी दुसरा चालू राहू शकतो. दुसऱ्या कंपनीची डिस्क वापरून पाहावी आणि लेन्सवरची धूळ काढावी. तरीही जमले नाही तर दुरुस्तीच्या फंदात न पडता ड्राइव्ह बदलावा.

प्रश्न : सीसीटीव्हीचे चित्रीकरण डिस्कवर घेतले. आमच्या कार्यालयात ते दिसते, पण न्यायालयातील संगणकावर डिस्क उघडत नाही. — वकील, सातारा

उत्तर : कोरी डिस्क घातल्यावर विंडोज दोन पर्याय देते. पहिल्यात डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरता येते, म्हणजे फाइल नंतर वाढवता किंवा काढता येतात, पण ही रचना जुन्या संगणकांना कळेलच असे नाही. दुसरा पर्याय सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठीचा असतो. पुराव्यासाठी माझ्या मते तोच घ्यावा आणि पुन्हा पुसता येणारी आरडब्ल्यू डिस्क वापरू नये. राइट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फायनलाइझ’ किंवा ‘क्लोज डिस्क’ असा पर्याय असल्यास तो निवडावा, म्हणजे डिस्क बंद होते आणि तीत पुढे भर घालता येत नाही. फाइलची नावे दिसतात पण चित्र उमटत नाही, अशी स्थिती असेल तर अडचण डिस्कची नाही. अनेक रेकॉर्डर स्वतःच्याच खास स्वरूपात चित्रीकरण साठवतात, तेव्हा त्यांचा प्लेअरही त्याच डिस्कवर द्यावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील डेटावरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, नमूद करावे लागते. डिस्कवर उतरलेल्या फाइलचे हॅश काढून ते मूळ फाइलच्या हॅशशी ताडून पाहिले, तर प्रत बिनचूक झाल्याची खात्रीही त्यातच होते.

प्रश्न : 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर 4.5 जीबीचा फोल्डर मावत नाही, असे का? — विद्यार्थी, पणजी

उत्तर : डिस्कवरचा आकडा 4.7 अब्ज बाइटचा असतो. विंडोज 1024 च्या पटीत मोजते, म्हणून तीच जागा तिथे सुमारे 4.38 जीबी दिसते. फोल्डर दोन डिस्कवर विभागावा. त्यात 4 जीबीहून मोठी एकच फाइल असेल, तर राइट करताना यूडीएफ ही डिस्कवर फाइल मांडण्याची रचना निवडावी.