अहवाल लिहिणारे सरच मेंटॉर, मग चुका सांगायच्या कुणाला?

प्रश्न: ताई नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सहा महिन्यांपूर्वी असिस्टंट लायब्रेरियन म्हणून लागले. एम.लिब. झालंय, पण काउंटरला उभं राहिलं की काहीच येत नाही असं वाटतं. आमचे ग्रंथपाल सर मे महिन्यात रिटायर होतायत. प्राचार्य म्हणाले नवीन स्टाफसाठी मेंटॉरिंग सुरू करू, सरच तुमचे मेंटॉर. पण माझा गोपनीय अहवाल सरच लिहितात, काय करू?

उत्तर: तुमची अडचण अगदी खरी आहे. जो अहवाल लिहिणार त्याच्यापुढं 'सर, मला हे जमत नाही' असं कोण म्हणेल सांगा. म्हणून मेंटॉर दुसऱ्या लायब्ररीतला मागा, प्राचार्यांना स्पष्ट बोला. आपल्या गावात जाणत्या माणसांची वाण नाही, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे, आणि देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ ला केला, याचा मला फार अभिमान वाटतो.

महिन्यातून दोनदा तासभर भेटा, आणि दरवेळी अडलेली एकच गोष्ट न्या. म्हणजे बघा, चरित्रात्मक कादंबरी आली, ती डेवीप्रमाणं, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीप्रमाणं, ८९१.४६३ ला मराठी कादंबऱ्यांत लावायची की चरित्रांत? पुस्तकातलं उत्तर तुम्हाला येतंच, पण मुरलेला माणूस आधी विचारेल की तुमची पोरं ते कुठल्या रॅकला शोधतात.

आणि सरांना सोडू नका हं. त्यांच्याकडून डोक्यातलं कागदावर उतरवून घ्या, रोज अर्धा तास त्यांच्याबरोबर रॅकमधून फिरा, कुठला सेट अर्धाच आलाय, २०१९ च्या महापुरानंतर खालचे कप्पे रिकामे ठेवले असतील तर का, सगळं विचारा. मी नवीन होते तेव्हा आमचे ग्रंथपाल रिटायर झाले आणि बाइंडिंगला गेलेल्या पुस्तकांची वही कुठं ठेवलीय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, स्टॉक चेकिंगला दोनशे पुस्तकं गहाळ लागली, मी रात्र रात्र झोपले नाही, आणि शेवटी तीन आठवड्यांनी ते गठ्ठे बाइंडरच्या माळ्यावर सापडले, सुतळीत बांधलेले, वर आमच्याच शिक्क्याची चिठ्ठी.

प्राचार्यांकडून एवढं मात्र लेखी घ्या, की भेटीचा वेळ ड्युटीत धरायचा, मुदत एक वर्ष, नाही पटलं तर मेंटॉर बदलून मिळेल, आणि तिथलं बोलणं अहवालात येणार नाही. हे मे उजाडायच्या आत करा.