दुधी संपेपर्यंत दुधीच : वाचकांचे प्रश्न आणि शेतावरून उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आम्ही पाच कुटुंबं मिळून सिंधुदुर्गात सहा एकरांवर राहतो, चूल एकच, माणसं चौदा (त्यात चार पोरं), आणि जमेल तितकं आपल्याच जमिनीतलं नाहीतर आसपासचं खातो. त्यावर बरेच प्रश्न आलेत, काही प्रेमाचे, काही चांगलेच खोचक. सगळे घेता येणार नाहीत म्हणून निवडक घेतलेत, खोचक मुद्दाम ठेवलेत.

ताई, खरं सांगा, सगळं शेतातलंच खाता की मधूनच गुपचूप बाजारात जाऊन पिशव्या भरून आणता? (एक वाचक, ठाणे)

आणतो की, आणि गुपचूप नाही, फळ्यावर यादी लिहून आणतो. कांदा, बटाटा, गहू, तूरडाळ, साखर, चहा, गूळ, मिरची, फोडणीचं सामान. कांदा दोन वर्षं लावून बघितला, लसणीएवढा झाला, मग नाद सोडला. आपलं म्हणाल तर भात, नाचणी, कुळीथ, नारळ, कोकम, आंबा, फणस, काजू, केळी, मोसमातल्या भाज्या, अंडी, आणि दोन गाईंचं दूध, म्हणजे गाई आटल्या नसतील तेव्हा.

भाताचा हिशोब जरा सविस्तर सांगते कारण शहरातून येणाऱ्या प्रत्येकाचा तोच चुकतो, आमचाही चुकला होता. आम्हाला दिवसाला साडेतीन किलो तांदूळ लागतो, म्हणजे वर्षाला पावणेतेरा क्विंटल, आणि भात गिरणीतून काढलं की पासष्ट टक्क्यांच्या आसपासच तांदूळ हातात येतो, म्हणजे शेतात पिकायला हवं वीसेक क्विंटल भात. आमच्या दोन एकर मळ्यात जुनी बियाणी लावून चांगल्या वर्षी अठरा येतं, आणि लावणीनंतर पावसाने दडी मारली किंवा कापणीच्या तोंडावर कोसळला तर बारा. उरलेलं शेजारच्या वाडीतून घेतो. पहिल्या वर्षी 'आपण विकू सुद्धा' असं म्हणालेले आमचे एक सभासद आता भाताचा विषय निघाला की गुरांकडे बघायला जातात.

गूळ-मिरची घाटावरून येते याचं मला काही वाटत नाही. इथून मीठ, नारळ, सुकी मासळी घाट चढून वर जायची आणि वरून गूळ, मिरची, कांदा खाली यायचा, बैलांच्या पाठीवरून, रस्ते व्हायच्या कितीतरी आधीपासून. आपल्या गडग्याच्या आत उगवलं तेवढंच स्थानिक असं म्हणायला लागलो तर चहासुद्धा सोडावा लागेल, आणि तो मी सोडणार नाहीये.

मिठाचं मात्र एक सांगायचंय. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं आमच्याच जिल्ह्यात, तिकडचं जाडं मीठ मिळतं, आणि सुरुवातीला आम्ही मोठ्या अभिमानाने सगळ्याच स्वयंपाकात तेच वापरायचो. मग आमच्याकडे राहायला आलेल्या एका डॉक्टर मैत्रिणीने विचारलं, आयोडीनचं काय? आगरातल्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं आणि पोरं वाढीच्या वयाची. तेव्हापासून लोणचं, सोलं (कोकमाची वाळवलेली सालं), खारातले आंबे यांना जाडं मीठ, आणि रोजच्या आमटी-भाजीत पाकिटातलं आयोडीनवालं. तत्त्व थोडं वाकलं, वाकू दे.

आम्ही पुण्यातले आठ मित्र-मैत्रिणी, सगळे आयटीत. एकत्र जमीन घेऊन तुमच्यासारखं राहायचं डोक्यात आहे. सुरुवात कुठून करायची? (एक वाचक, पुणे)

सातबाऱ्यापासून. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातलं ६३ वं कलम. तेव्हा आठांपैकी कोणाच्या नावावर किंवा घराण्यात शेती आहे ते आधी बघा. आमच्यातल्या दोघांची होती म्हणून निभावलं, पण मग सातबाऱ्यावर नाव दोघांचं आणि पैसे पाचांचे अशी गंमत झाली, तर ते आपसातलं लिहून घेताना वकिलाला भरपूर पिडा, मैत्री आहे वगैरे म्हणून सोडू नका.

हे झालं की खरं काम सुरू होतं आणि ते स्वयंपाकघरात असतं. सगळ्यांना वाटतं भांडणं जमिनीवरून, पैशावरून होतील. आमचं पहिलं मोठं भांडण दुधीवरून झालं. वेल चार लावायचे ते कोणीतरी उत्साहात अकरा लावले, आणि मग काय, दुधीची भाजी, दुधीचे थालीपीठ, दुधीची खीर, दुधीचं भरीत (करू नका), टोपलीभर वाटला तरी दुसऱ्या दिवशी मांडवाखाली परत तेवढेच लोंबतायत. एकोणिसाव्या दिवशी एक सभासद मांगरात पाव-जॅम खाताना सापडले. आता हसायला येतं पण त्या रात्री जी बैठक झाली त्यात तीन वर्षांचं सगळं बाहेर निघालं, कोण भांडी घासत नाही, कोणाचे पाहुणे आठ-आठ दिवस राहतात, हापूसची पहिली पेटी कोणाच्या माहेरी गेली.

त्यातून ठरलेलं सांगते, उपयोग होईल. स्वयंपाकाला रोज दोघं, त्यात एक पुरुष हवाच (पहिले सहा महिने पुरुषांची पाळी म्हणजे खिचडी, मग त्यांनाच कंटाळा आला). भाजी आठवड्यातून एकदा फिरून, बघून ठरते, कोणाला काय आवडतं यावरून नाही तर मांडवावर काय आहे यावरून. आणि प्रत्येक कुटुंबाला एक बंद फडताळ, त्यात काय आहे ते कोणी विचारायचं नाही. माझ्या मते हे फडताळ नसतं तर आमचं शेत चौथ्या वर्षी मोडलं असतं.

पावसाळ्यात बाहेरचं काही न आणता चार महिने भाजीचं काय करता? (एक वाचक, सांगली)

तुम्हाला वाटतं पावसाळा अवघड, खरं तर अवघड जातो तो मे. पावसाळ्यात जमीन फुकट देते. पहिला पाऊस पडून आठवडाभर झाला की टाकळा वर येतो, कोवळी पानं खुडायची, लसूण-खोबरं घालून परतायची. पाठोपाठ कुर्डू, फोडशी, तेरं, बांधावर लावलेलं अळू. मग गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, म्हणजे शेवग्याचा कोवळा पाला, सोबत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ, इथं घरोघरी हेच असतं.

रानभाजीचं वर्णन वाचून लगेच टोपली घेऊन निघू नका पण. पहिल्या पावसाळ्यात मी तेऱ्याची पानं आणून मोठ्या हौसेने भाजी केली, चवीला बरी लागली, आणि पाच मिनिटांत चौदाच्या चौदा माणसं गप्प. घसा असा खवखवत होता की कोणाला बोलवेना, पोरं रडायला लागली. शेजारच्या काकी आवाज ऐकून आल्या, टोपात डोकावल्या आणि म्हणाल्या, "सोलां घातलंस काय गो?" नव्हती घातली. तेरं, अळू यांना आंबट लागतंच, सोलं नाहीतर चिंच, शिवाय भरपूर शिजवायचं, आणि चिरताना हाताला तेल. अळंबी तर आम्ही आजही स्वतः काढत नाही, वाडीतली जाणती बाई आणते तेवढीच खातो.

बाकी सगळा डोलारा अगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीवर. एप्रिल-मे मध्ये आमचं खळं म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, सांडगी मिरची, कोहळ्याचे सांडगे, फणसाचे पापड, आंबोशी, आठळ्या, कुळीथ. सगळ्यात नाजूक काम सोलांचं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून मीठ घातलेल्या रसात परत बुडवायची, दुसऱ्या दिवशी परत उन्हात, असं पाच-सहा दिवस, सालं काळीकुट्ट आणि चिकट होईपर्यंत. हात महिनाभर जांभळे. आणि याच दिवसांत वळवाचा ढग येतो. दुपारी लांब कुठेतरी गडगडलं की हातातलं टाकून सगळे खळ्यात धावतात, जेवत असतील तर उष्ट्या हाताने. एक वर्ष आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो आणि तासाभराच्या सरीत पस्तीस किलो सालं गेली, बुरशी धरली, त्या पावसाळ्यात चिंच विकत आणली.

मासे खाणाऱ्यांसाठी सुके बांगडे, सोडे, तेही मे मध्येच भरून ठेवायचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि त्या दिवसांत पेजेबरोबर चुलीत भाजलेला सुका बांगडा, म्हणजे, असो, शाकाहारी वाचक चिडतील.

तुमी शहरातली माणसां हय येवन पेज खातास नि त्येचे लेख लिवतास. आमच्या आवशीन पेज खाल्ली ती दुसरां काय नाय होतां म्हणान. ह्या तुमका म्हायत आसा? (एक वाचक, कुडाळ तालुका)

माहीत आहे. म्हणजे आल्या आल्या माहीत नव्हतं, नंतर कळलं. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर नाचणी, वरी करायची, पावसाळ्याच्या शेवटी घरातलं भात संपलेलं असायचं आणि मुंबईची मनीऑर्डर आली तर दुकानात उधारी मिळायची, हे मला वाडीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलंय. नाचणी सोडून लोक तांदळाच्या भाताकडे गेले त्यात त्यांना सुख होतं, मान होता, त्यांना अडाणी म्हणणारे आम्ही कोण. आता २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नाचणी मॉलमध्ये चकचकीत पाकिटात गेली, यावर तुम्हाला राग आला तर तो बरोबरच आहे. आमच्या ताटातली पेज आम्ही निवडलेली आहे आणि कंटाळा आला तर आमच्यातला कोणीही उद्या पुण्याला परत जाऊ शकतो, तुमच्या आईला ते नव्हतं. हा फरक मी लेखात लिहायला हवा होता, नाही लिहिला.

एक मात्र माझ्या बाजूने. उकडा तांदूळ कसा करायचा, म्हणजे भात हंड्यात किती फुटेपर्यंत उकडायचं आणि किती वाळलं की गिरणीत न्यायचं, दाताखाली दाणा धरून ते कसं ओळखायचं, हे आम्हाला शिकवायला वाडीतल्या दोघी येतात आणि त्यांना त्या दिवसांची मजुरी देतो, शेतमजुरीपेक्षा जास्त. शिकवणी फुकट घेत नाही. तुम्ही जवळच राहता, कधी या, पेज नाही, सागोती (मटण-कोंबडीचा रस्सा) करू.

वडिलांना हाडांचा त्रास आहे, नाचणी खाऊन फरक पडेल का? आणि असं घरचंच खाल्लं तर गोळ्यांची गरज उरत नाही ना? (एक वाचक, नाशिक)

नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलीग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट. भाकरी, आंबील, सत्त्व काहीही द्या, पण औषधाच्या जागी नाही, औषधासोबत, डॉक्टरांना विचारून. गोळ्यांचं म्हणाल तर माझंच सांगते, सहा वर्षं इतकं ताजं, बिनफवारणीचं खाऊन माझं बी-१२ कमी निघालं, कारण मी मासे-अंडी खात नाही आणि गाई आटल्या की दूधही नसतं. ते पालेभाजीतून येत नाही. आता गोळी घेते, गाईंसमोरच बसून घेते.

मुलं मॅगी मागत नाहीत का हो? (एक वाचक, बेळगाव)

मागतात. शनिवारी मिळते. सुरुवातीला बंदी होती तेव्हा शाळेत डब्यातल्या खोबऱ्याच्या वड्या देऊन मॅगी मिळवायची, धंदा चांगला चालला होता म्हणे.

कुळथाच्या पिठीचा उल्लेख सारखा करता, एकदा नीट कृती द्याल का? (एक वाचक, इंदूर)

देते, पण पीठ नीट हवं. कुळीथ मंद भाजायचे, जात्यावर भरडून सालं पाखडून टाकायची, मग बारीक दळायचं. नुसतेच दळून आणलेत तर पिठी काळपट आणि कडवट होते, इंदुरात तयार पीठ मिळालं तर भाजलेल्याचं आहे का विचारा. चार माणसांना चार चमचे पीठ गार पाण्यात कालवून ठेवा, गुठळी राहू देऊ नका. कढईत खोबरेल तेल, त्यात लसणीच्या ठेचलेल्या सात-आठ पाकळ्या चांगल्या लाल होऊ द्या, हिरव्या मिरच्या, कांदा हवा तर, मग तीन भांडी पाणी, मीठ, चार सोलं. पाणी खळखळलं की कालवलेलं पीठ एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा, फोन वाजला तरी थांबू नका, पाचेक मिनिटांत दाट होते. वरून ओलं खोबरं. आधी पातळ वाटली तरी पीठ वाढवू नका, ताटात येईपर्यंत ती आपोआप आळते.