"मॅडम, मला प्रार्थनाच येत नाहीये"

हे वाक्य मी समुपदेशनात किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. ही एका ताईंची गोष्ट, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई चाळिशीतल्या, लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढलेल्या. आल्या आणि म्हणाल्या, प्रार्थना सभेत बाकीच्या बायका काय सुंदर प्रार्थना करतात, बायबलची वचनं तोंडपाठ, आणि माझी पाळी आली की घशाला कोरड पडते, घरी एकटी बसले तरी 'हे स्वर्गीय पित्या' च्या पुढे गाडी जात नाही, माझा विश्वासच संपला का?

मी विश्वासाबद्दल काही बोललेच नाही. घरात काय चाललंय ते विचारलं. तर वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलायची, कपडे बदलायचे, भाऊ आहे पण तो फोनवरच चौकशी करणारा. मी विचारलं, देवाशी शेवटचं खरंखुरं काय बोललात? बराच वेळ गप्प. मग खाली बघून म्हणाल्या, "परवा रात्री पप्पांची चादर बदलताना तोंडातून निघालं, देवा आता पुरे, ने त्यांना. आणि मग इतकी लाज वाटली की लगेच म्हटलं, नाही नाही, तुझी इच्छा पूर्ण होवो."

मी म्हटलं, ताई, प्रार्थना येत नाही म्हणता ना, ती तर तुम्ही केलीत की, आणि मग स्वतःच खोडून टाकलीत.

त्या रडल्या, खूप वेळ.

मला यात एक गोष्ट अगदी मनापासून सांगायचीय. 'तुझी इच्छा' हे शब्द आपण फार घाईने म्हणतो, म्हणजे आपल्या मनात काय आहे ते बोलायलाच नको. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आधी काय मागितलं बघा (मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय २६), शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे पुढे येणारं दुःख, माझ्यावरून टळो. स्वतःला काय हवंय ते आधी सरळ सांगितलं आणि मग पित्याच्या इच्छेवर सोपवलं, तेही एकदाच नाही, तीनदा, आणि तिसऱ्यांदा तर त्याच शब्दांत. नवीन सुंदर वाक्यं शोधली नाहीत. आणि बायबलमधलं स्तोत्र ८८ कधी शेवटपर्यंत वाचलंय का? बाकीची बरीच विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, काळोखातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही.

अजून एक, आपण मराठीत देवाला तू म्हणतो. ताई वडिलांना अहो पप्पा म्हणतात आणि देवाला तू. मग त्या तू शी बोलताना एवढी जड पुस्तकी भाषा कशाला? मी त्यांना एवढंच सांगितलं की रात्री उठाल तेव्हा एकच वाक्य बोला, जे खरं असेल ते, राग असला तर राग, आणि ते पुसायला दुसरं वाक्य जोडू नका.

पण नुसती प्रार्थना सांगून मी त्यांना घरी पाठवलं नाही हेही लिहिलं पाहिजे. झोप नाही, भूक नाही, सारखं रडू येतंय, म्हणून डॉक्टरांकडे जायला सांगितलं. आणि 'पप्पा गेले तर सुटतील' असं मनात येणं म्हणजे प्रेम आटलं असं नसतं, वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या खूप जणांच्या मनात ते येतं, फक्त कोणी बोलत नाही.

चौथ्या भेटीला सांगत होत्या, एका रात्री वाक्य निघालं, "देवा, मला दादाचा फार राग येतो." ते बोलल्यावर त्यांना झोप लागेना, आणि सकाळी त्यांनी भावाला फोन करून दोन वर्षांत पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं की मला एकटीला जमत नाहीये. आता तो शनिवार-रविवारी रात्री येऊन थांबतो.

सभेत ताई अजूनही गप्पच बसतात, पण आता त्याची खंत वाटत नाही म्हणाल्या. निघताना दारात थांबून विचारलं, "मॅडम, बोलता बोलता झोप लागते हो, आमेन म्हणायचंच राहतं, चालतं ना?"

मी म्हटलं, झोपा ताई.