सोलर कंपनी सहा एकर शेत 25-30 वर्षांसाठी भाड्याने मागते आहे. करारात काय बघावं?

फक्त दर बघू नका. मी आधी भाडं कोणत्या तारखेपासून सुरू होतं ते बघेन. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला दर वर्षाला हेक्टरी किमान 1.25 लाख रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा आहे, त्याच्याशी ताडून बघा. पण दलाल आधी 'संमतीपत्रा'वर सही घेतो आणि भाडं वीजनिर्मिती सुरू झाल्यावर, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सबस्टेशनला वीज जोडण्याची मंजुरी अडकली की ना पीक, ना पैसा. म्हणून भाडं नोंदणीच्या दिवसापासून, आणि ठरल्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर करार रद्द, ही दोन्ही कलमं घाला. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच करा. इतक्या वर्षांच्या पट्ट्याला नोटरीचा कागद चालत नाही.

सातबाऱ्यावर भावा-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील. वर्ग 2 ची (परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. कंपनी बँकेकडे काय गहाण ठेवणार तेही वाचा: फक्त भाडेपट्ट्याचा हक्क चालेल, मालकी अजिबात नाही.

सही करण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, आणि विहीर, झाडं, पाइपलाइन यांचा फोटोंसह पंचनामाही करून घ्या. विखरण (जि. धुळे) इथल्या ज्या शेतकऱ्याने 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं, त्याची तक्रार तुटपुंज्या मोबदल्याचीच होती. ते वीज प्रकल्पासाठीचं भूसंपादन होतं, भाडेपट्टा नव्हे. पण जे कागदावर नाही त्याचे पैसे दोन्हीकडे मिळत नाहीत.

एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, सहा एकरांत जेमतेम सव्वा-दीड मेगावॅट बसेल, म्हणजे कंपनीला बहुधा शेजारचे गटही हवे असणार. एकेकट्याने बोलू नका. कर्नाटकात पावगडला सोलर पार्कसाठी सुमारे 13,000 एकर जमीन भाड्याने घेतली, तीही सगळ्यांना एकाच दराने, वर्षाला एकरी 21,000 रुपये. तिथे भूमिहीन मजुरांचं काम मात्र गेलं, कारण भाडं मालकालाच मिळतं.

गावात भांडण पेटतं ते बहुधा कुंपणावरून. वहिवाटीचा रस्ता बंद होतो, सपाटीकरणात ओघळ बुजतो आणि पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरतं. नकाशावर रस्ता आणि चर आखूनच तो कराराला जोडा. शेवटी खांब, काँक्रीट काढून जमीन मोकळी करून देण्याचा खर्च कंपनीचा, आणि त्यासाठी बँक हमी (कंपनीने काम टाळलं तर बँक पैसे देईल, अशी लेखी हमी) मागा. कंपनी मधेच दुसऱ्याला विकली गेली तरी ती हमी चालू राहील, असं लिहून घ्या.