‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये गोष्टीतही दम आहे, की नुसती रंगांची आतषबाजी?

गोष्टीत दम आहे, आणि तो बराचसा रंगांतूनच येतो. या ॲनिमेशनपटात जगं अनेक, प्रत्येकाचा स्पायडर-मॅन वेगळा आणि चित्रशैलीही वेगळी. त्यातल्या ग्वेनचं जग जलरंगातलं आहे. तिचे वडील पोलीस कॅप्टन. आपली मुलगीच स्पायडर-वुमन आहे हे कळतं, तेव्हा त्यांचं पिस्तूल तिच्यावरच रोखलेलं असतं. पुढे बापलेक पुन्हा समोरासमोर येतात, तेव्हा मागचे रंग ओघळायला लागतात, खोलीतलं सामान पुसट होतं आणि त्या दोघांच्या मनात जे चाललंय तेवढंच पडद्यावर उरतं. मला तर नायक माइल्सपेक्षा ग्वेनचीच गोष्ट जास्त भिडली.

होबी या पंक स्पायडर-मॅनचा थाट वेगळाच: कात्रणं चिकटवून केलेलं पोस्टर जणू! त्याचं अंग, जॅकेट, गिटार वेगवेगळ्या फ्रेम-गतीने हलतात. बंडखोर माणूस, एका तालात कसा चालेल? भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकरच्या ‘मुंबाटन’ (मुंबई अधिक मॅनहॅटन) शहरावर जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची छाप आहे.

तक्रार एकच. १४० मिनिटं बसवून सिनेमा ऐन रंगात ‘क्रमशः’ म्हणतो. आधी २०१८ चा पहिला भाग बघा, नाहीतर माइल्सच्या आईचं गच्चीवरचं बोलणं निम्मंच पोचेल.