जुन्या अमेरिकन पिकअप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९५१ ची शेवरले ३१०० घेतली आहे, २१६ घनइंची सहा सिलिंडर. ऑइल प्रेशरचा गेज बंद होता म्हणून जुन्या बाजारातून दुसरा आणून लावला. आता इंजिन गरम झालं की आयडलिंगला काटा जवळजवळ शून्यावर येतो, आणि गाडी पळत असतानाही पहिल्या पाव भागापलीकडे जात नाही. मेकॅनिक म्हणतो, बेअरिंगं गेली, इंजिन उतरवा. उतरवू का?

उत्तर : आत्ता नको. आधी नव्या गेजवरचा शेवटचा आकडा वाचा. २१६ चा मूळ गेज ३० पौंडांचा (दर चौरस इंचाला) असतो, नंतरच्या २३५ इंजिनाचा ६० चा, आणि दोन्ही दिसायला जवळपास सारखे. २१६ मध्ये पळत्या गाडीत प्रेशर १४ पौंडांच्या आसपास असतं. ३० च्या गेजवर काटा मधोमध दिसतो, ६० च्या गेजवर तोच काटा पाव भागात अडकल्यासारखा वाटतो. तुमचं वर्णन वाचून गेज ६० चाच असावा असं वाटतं. गरम इंजिनवर आयडलिंगला काटा खाली बसणं हेही या इंजिनाला नवीन नाही. ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर तो उठला पाहिजे, एवढं बघा.

मुळात या इंजिनाचा जीव त्या काट्यात नाही. पंपाच्या प्रेशरचं ऑइल मेन बेअरिंग आणि कॅमशाफ्टला जातं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला मात्र छोटी पळी असते. ती चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) पन्हळीतून ऑइल उपसते, आणि वेग वाढला की चेंबरमधल्या नोझलची धार त्या पळीवर बसते. म्हणजे नोझल गाळाने बुजलं किंवा वाकलं, तर गेज उत्तम दाखवत असतानाही रॉडचं बेअरिंग कोरडं पडतं. म्हणून इंजिन न उतरवता फक्त चेंबर खोला. तळाशी काळा चिखल निघेल, तो पूर्ण काढा, नोझल एकेक करून मोकळी करा आणि काढता-घालताना त्यांना जराही धक्का लावू नका. त्यांची दिशा कारखान्यात मापाने बसवलेली असते.

ऑइल १०डब्ल्यू-३० घाला. ‘जुनं इंजिन आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्ला इथे उलटा पडतो, कारण घट्ट ऑइल थंडीत पळीखाली लवकर भरून येत नाही. गाडीला ऑइल फिल्टर नसेल (तेव्हा तो जादा पैसे देऊन घ्यावा लागे) तर दर १,००० मैलांना ऑइल बदला.

खडखड येत असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढा. ज्या सिलिंडरला आवाज मऊ होतो, तो रॉड सैल आहे. रॉडच्या कॅपखाली पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) असतात. त्यातली एखादी काढली की फट कमी होते आणि बरेचदा तेवढ्यावर काम भागतं. व्हॉल्व्हची फट गरम इंजिनवर ठेवा, इनटेक ०.००६ इंच आणि एक्झॉस्ट ०.०१३ इंच.

आणि वेग आवरा. ४.११ च्या क्राउन-पिनियनवर (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या जोडीवर) ताशी ५५ मैलांना हे इंजिन मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेतं, ६५ ला ३,२०० च्या घरात. रॉडमध्ये बेअरिंग म्हणून ओतलेला पांढरा धातू तो वेग तासन्‌तास सोसत नाही. हायवेवर जायचंच असेल तर ३.५५ चा क्राउन-पिनियन बसतो. ५५ ला फेरे २,३५० च्या आसपास येतात. चढाला गिअर लवकर पाडावा लागतो, पण तो सौदा करण्यासारखा आहे.

प्रश्न : फोर्ड एफ-१, १९५०, फ्लॅटहेड व्ही-८. सकाळी नीट सुरू होते. गरम असताना सेल्फ कण्हत फिरतो. बॅटरी नवीन आहे. १२ व्होल्ट करून टाकू का?

उत्तर : सहा व्होल्टवर ही गाडी कारखान्यातून सुरू होऊनच बाहेर पडली होती. बॅटरीच्या केबल बघा. दुकानात सहज मिळणाऱ्या केबल १२ व्होल्टच्या मापाच्या असतात. तेवढ्याच ताकदीला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, त्यामुळे त्याच केबलमधला तोटा टक्केवारीत चौपट होतो. १/० किंवा २/० गेजची जाड केबल घाला. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं सेल्फच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ मारा, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी ढिलाई आहे. अर्थिंगच्या बाजूलाही हेच करा, आणि जिथे पट्टी बसते तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा.

या फोर्डला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरी उलटी लावली तरी सेल्फ त्याच दिशेने फिरतो, म्हणून चूक कळत नाही. पण स्पार्क दुबळा होतो आणि रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. डायनॅमो उघडला असेल तर त्याचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बॅटरीशी जुळवायला फील्डची वायर रेग्युलेटरवरून काढून बॅटरीच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. ही रीत फोर्डची आहे, शेवरलेची वेगळी.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर तो व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची पाइपातच वाफ होणं. त्याचा केबलशी संबंध नाही.

प्रश्न : १९५६ ची एफ-१०० बघायला जाणार आहे. तोच मॉडेल का शोधतात, आणि काय तपासू?

उत्तर : कोपऱ्यात वळलेली पुढची काच त्या पिढीत फक्त त्याच वर्षी होती, फोर्ड ट्रकला १२ व्होल्टही त्याच वर्षी आले. मागच्या मोठ्या काचेची केबिन असेल तर आणखी मागणी. १९५३ ते ५५ ची पुढची काच हिला चालत नाही, म्हणून कोपऱ्यांतले तडे आधी पाहा.

मग लोहचुंबक घ्या. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराचा तळ, पायाखालची फरशी. चुंबक चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. केबिन चॅसिसवर बसते ते आधार खाली वाकून, टॉर्च लावून बघा. ते कुजले असतील तर दारं लोंबतात आणि कितीही बिजागऱ्या बदलल्या तरी सरळ होत नाहीत. इंजिनाला पर्याय पुष्कळ आहेत. वाकडी केबिन सरळ करायला महिने जातात.

प्रश्न : १९५३ च्या शेवरलेला फरशीखालीच दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क बसवले. पाच मैलांत पेडल घट्ट होतं, ब्रेक धरून ठेवतात.

उत्तर : चाक जाम असताना मास्टर सिलिंडरपाशी पाइपाचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये किंवा पुशरॉडमध्ये. सुटलं नाही आणि चाकाजवळचा ब्लीडर उघडल्यावरच सुटलं, तर मधला होज आतून सुजलाय.

बहुतेक वेळा पुशरॉडला मोकळीकच ठेवलेली नसते. दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप लागतात. पेडलला पाव इंच मोकळी चाल ठेवा. दुसरं कारण, डिस्कच्या लाइनवर ड्रमचा १० पौंडांचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पाइपात थोडं प्रेशर धरून ठेवणारा) राहून जाणं. डिस्कला २ पौंडांचा लागतो, ड्रमला १०. डिस्कचा २ पौंडांचा व्हॉल्व्हही काढून टाकू नका. मास्टर खाली असल्याने ऑइल कॅलिपरमधून मागे उतरतं आणि पुढच्या ब्रेकला पेडल खोल जातं.

प्रश्न : हौद्याच्या ओक फळ्यांवर बोल्टभोवती काळे डाग पडतात. व्हार्निश बदलू का?

उत्तर : बोल्ट बदला. ओकमधलं टॅनिन आणि ओलं लोखंड मिळून तो रंग होतो. स्टेनलेस बोल्ट घाला, आणि बसवण्याआधी फळीची खालची बाजू, टोकं आणि प्रत्येक भोकाची आतली कडा सील करा.