यंत्राची नाडी : गरम झालं की दम सोडणारं इंजिन

या वेळी बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत. इंजिन चालू होतं, पण काम करता करता त्याची ताकद तुटते. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सात एचपीचा पेट्रोल पॉवर विडर (तण काढायचं यंत्र) आहे. सकाळी दोन झटक्यांत चालू होतो. वीस-पंचवीस मिनिटं चांगला चालतो, मग आवाज बसतो. चोक ओढला तर थोडा तग धरतो आणि शेवटी बंदच पडतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू. कार्बोरेटर नवा टाकला, तरी तेच. — वाचक, सिन्नर

उत्तर : चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. तो ओढल्यावर इंजिन तग धरतं, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर नवा असूनही तेच होत असेल, तर अडथळा बहुधा कार्बोरेटरच्या आधी आहे : टाकीचं झाकण, टाकीतली जाळी, कॉक (पेट्रोलची तोटी) किंवा पाइप. नवा कार्बोरेटर घेण्याआधी ही तपासणी व्हायला हवी होती. तिला एक पैसाही लागत नाही.

पहिला संशय झाकणावर. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत यावी, म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं. धूळ आणि पेट्रोल मिळून ते बुजतं. मग टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि इंजिन पुन्हा चालू होतं. पुढच्या वेळी आवाज बसू लागला की इंजिन बंद करा आणि लगेच झाकण सैल करा. सायलेन्सर तापलेला असतो, पेट्रोल सांडू देऊ नका, जवळ बिडी-काडी नको. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि झाकण परत लावून इंजिन त्याच क्षणी पहिल्यासारखं चालू लागलं, तर दोष सापडला. झाकण रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासा, आतला रबरी वायसर काढून त्याखालची खाच साफ करा आणि हवा मारा. झाकणाला खिळ्याने मोठं भोक पाडायचा उद्योग बरेच जण करतात. त्यातून माती आत जाते आणि हेलकाव्यात पेट्रोल गरम सायलेन्सरवर उडतं.

झाकणाने फरक पडला नाही, तर इंजिन थंड झाल्यावर धार तपासा. कॉक बंद करून कार्बोरेटरकडचा पाइप काढा, तो बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. मिनिटभर धार एकसारखी राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब, असं झालं तर झाकण उघडून तीच तपासणी पुन्हा करा. आता धार वाढली, तर दोष झाकणाचाच. तरीही थेंबच पडत असतील, तर टाकीतली जाळी किंवा कॉक चोंदला आहे. पाइपही हाताने दाबून पाहा. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुना रबरी पाइप आतून फुगतो, त्याच्या खपल्या निघतात आणि बाहेरून काही कळत नाही. पाइप सिलिंडरला किंवा सायलेन्सरला टेकत असेल, तर उन्हाळ्यात आतल्या पेट्रोलची वाफ होऊनही धार तुटते. तो लांबून फिरवून घ्या.

धार ठीक असेल, तर ठिणगीकडे वळा. ही तपासणी मात्र इंजिन बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच करायची. तासाभराने दुकानात नेलं की सगळं ठीक दिसतं आणि दोष सापडत नाही. जवळ एक चांगला प्लग ठेवा. इंजिनवरचा प्लग जागेवरच राहू द्या. त्याची टोपी काढून जवळच्या प्लगला लावा, त्या प्लगची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि दोरी ओढा. निळसर, कडक ठिणगी दिसली पाहिजे. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल गेली. पण नवी घेण्याआधी ऑइल पाहा. या इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर बऱ्याचदा असतो. उतारावर विडर कलला की ऑइल पुरेसं असूनही तो इंजिन बंद करतो. सेन्सरची आणि स्विचची वायर काढून ठिणगी पुन्हा पाहा. ऑइल भरपूर असेल तरच हे करायचं, आणि तपासणी झाली की वायरी परत जोडायच्या. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलच्या (फिरत्या चाकाच्या) चुंबकापासून तिचं अंतर ०.४ मिमी ठेवा, फिलर गेज (फट मोजायची पट्टी) मध्ये घालूनच बोल्ट आवळा.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असतील आणि गरम इंजिनाची दोरी हलकी, सैल लागत असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) सुटतंय. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत जाते तसा टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, कमी होतो. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो आणि व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. असंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि हेडचं काम निघतं. या आकाराच्या इंजिनांत थंड असताना इनटेकचा गॅप साधारण ०.१५ आणि एक्झॉस्टचा ०.२० मिमी असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत पाहून घ्या. गॅप मोजताना पिस्टन कॉम्प्रेशनला वर आलेला हवा. त्या वेळी दोन्ही टॅपेट किंचित हलतात.

जाता जाता दोरीचं कव्हर उघडून सिलिंडरच्या पंख्या (त्याला थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) पाहा. भुसा आणि मातीने त्या भरल्या असतील, तर वरचं काहीही दुरुस्त केलं तरी इंजिन तापणारच.

प्रश्न : टू-स्ट्रोक ग्रास कटर रिकामा चांगला फिरतो, पण गवतात घातला आणि रेस दिली की बसतो. ऑइल ‘अंदाजे’ टाकतो. — वाचक, संगमेश्वर

उत्तर : अंदाजे हेच मूळ दुखणं दिसतंय. पुस्तिकेत १:२५ असेल तर लिटरला ४० मिली आणि १:५० असेल तर २० मिली टू-टी ऑइल, मापाने. जास्त ऑइलचा कार्बन होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी चोंदते. धूर बाहेर पडायला वाट नाही, मग नवी हवा आत येणार कुठून? जाळी काढा आणि तारेच्या ब्रशने घासा. सायलेन्सर खोललाच आहे तर सिलिंडरचं धूर बाहेर सोडणारं भोकही पाहा. तिथे काळी खडबडीत कड दिसली, तर दोरी हळू ओढून पिस्टनने भोक झाकून घ्या, म्हणजे कार्बन आत पडणार नाही. मग लाकडी काडीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हर लावला की पिस्टनवर ओरखडा उठतो.

एवढ्याने भागलं नाही, तर एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा आणि टाकीतल्या पाइपच्या टोकाचा फिल्टर बदला, तो स्वस्त असतो. कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) कडक झाला असेल तर त्याचा किट टाका. चांगला डायफ्रॅम बोटाला मऊ लागतो. रेस मिळावी म्हणून कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू (जास्त रेसला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आवळत जाऊ नका. मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) काही मिनिटं इंजिन तेजीत पळतं आणि मग पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो.

प्रश्न : पावसाळाभर ठेवलेला फवारणीचा फोर-स्ट्रोक पंप आता रेस खाली-वर करत चालतो. अर्धा चोक दिला की शांत होतो. — वाचक, जुन्नर

उत्तर : जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग, अर्धा बुजलाय. कार्बोरेटरखालचा बाऊल (पेट्रोलची वाटी) काढा. त्यात पाण्याचा थेंब किंवा डिंकासारखा थर दिसेल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते तळाला साचतं. मेन जेट काढून उजेडात धरा. गोल, स्वच्छ छिद्र दिसलं पाहिजे. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवा मारा. तार घालू नका, छिद्र मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं. टाकीही पूर्ण रिकामी करा. पुढच्या वेळी महिनाभर वापर नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

प्रश्न : वाईला नीट चालणारा पेट्रोल पाणीपंप महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या शेतावर नेला की पाणी कमी फेकतो. बिघाड आहे का? — वाचक, वाई

उत्तर : बहुधा नाही. दर ३०० मीटर चढाला अशा इंजिनाची साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. वाई ते महाबळेश्वर हा फरक साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सात-आठ टक्के. हवा विरळ असल्याने पंपाची पाणी खेचण्याची उंचीही अर्ध्या-पाऊण मीटरने घटते. पंप पाण्याच्या जवळ न्या आणि खेचण्याची उंची चार-पाच मीटरच्या आत ठेवा. सक्शन पाइपचे क्लिप घट्ट करा, तिथून हवा घेतली तरी लक्षण हेच. प्लग काळा, काजळीचा निघत असेल आणि पंप कायम वरच राहणार असेल, तरच एक नंबर लहान जेट टाकून घ्या. खाली आणताना मूळ जेट परत बसवा, नाहीतर इंजिन पातळ मिश्रणावर तापेल.